टाचणीसाहेबांची गोल भिंत

आमच्या भावोजींना गवंडी आणि सुतार पाठीमागे टाचणीसाहेब म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. घर असो की चर्च, कागदावर रेघ ओढण्याआधी ते पुठ्ठ्याचं मॉडेल करत आणि त्यात माणसं म्हणून रंगीत डोक्याच्या टाचण्या टोचत. निळी टाचणी म्हणजे पुरुष, लाल म्हणजे बाई. छोट्या टाचण्या दुकानात मिळत नसत, म्हणून त्यांच्या घरांत मुलं नसत. टाचणी कधी आजारी पडत नाही, म्हातारी होत नाही, आडवी होत नाही. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगून उपयोग झाला नसता. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मी त्यांची मेहुणी. त्यांच्या ऑफिसात पत्रं टाइप करायचे, फोन घ्यायचे आणि चिडून आलेल्या गिऱ्हाइकांना चहा द्यायचे. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त असायचं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मी, टाइपरायटर आणि गिऱ्हाईक. आतल्या खोलीत ड्रॉइंगचा तिरका फळा, ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या, डिंकाची बाटली आणि काचेखाली ठेवलेली मॉडेलं. खाली यंत्र सुरू झालं की मॉडेलमधल्या टाचण्या थरथरायच्या. भावोजी तेवढ्यापुरते अस्वस्थ व्हायचे. खरी माणसं त्यांच्या घरांत राहून थरथरत होती, त्याचं त्यांना काही नसायचं.

पहिलं स्वतंत्र काम दातांच्या डॉक्टरांचं घर. बाहेरून बघाल तर बघतच राहाल. आत निजायच्या खोलीकडे जाणारा बोळ असा काही वळवलेला की डॉक्टरांचा पलंग आत जाईना. शेवटी सुताराने पलंग करवतीने मधोमध कापला, अर्धा-अर्धा आत नेला आणि खिळे ठोकून जोडला. डॉक्टर तणतणत ऑफिसात आले. भावोजींनी त्यांना बसवून शांतपणे सांगितलं, ‘‘घर म्हणजे प्रवास आहे, डॉक्टर. पलंग ही फक्त एक वस्तू आहे.’’ डॉक्टर चहा पिऊन गेले. एवढं मोठं वाक्य समोरच्याने टाकलं की माणसाला आपणच अडाणी आहोत असं वाटतं. भावोजींची सगळी प्रॅक्टिस या एका गोष्टीवर उभी होती.

पुढे एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी दोन मजली घर बांधून दिलं, वर जायला गोल लोखंडी जिना. हेडमास्तरांना वरच्या खोलीत असताना अर्धांगवायूचा झटका आला. त्या जिन्यावरून त्यांना खाली आणणं कुणाला जमेना. ते वरच राहिले, शेवटपर्यंत. खिडकीतून आपलीच बाग बघत बसायचे. त्यांची सून ऑफिसात येऊन माझ्यापुढे रडली. मी भावोजींना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘वरून बाग जास्त चांगली दिसते. मी ती खिडकी मुद्दाम खाली घेतली होती.’’ उंटावरचा शहाणा दुसरा कसा असतो?

चर्चची कामं त्यांना मिळाली ती माझ्या ताईमुळे, म्हणजे त्यांच्या बायकोमुळे. ताई लहानपणापासून चर्चमध्ये गायची. तिचा आवाज फार थोर नव्हता, पण सुरात होता, आणि एकही रविवार तिने चुकवला नव्हता. तिच्या ओळखीने एका छोट्या गावातलं पहिलं चर्च भावोजींकडे आलं. त्यात आवाज असा घुमायचा की पाळकांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. एकदाच पुरे झालं असतं, असं तिथली मंडळी म्हणायची. दुसऱ्या चर्चमध्ये रविवारी सकाळी सूर्य नेमका पाळकांच्या डोळ्यांत यायचा, त्यामुळे ते कपाळावर आडवा हात धरून प्रवचन करायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हे कुणाची तरी वाट बघताहेत. भावोजींनी फोटो मात्र दोन्हींचे काढून घेतले, आणि फोटोत आवाज नसतो, ऊनही छान दिसतं. नाव झालं. माणसाचं नाव एकदा झालं की त्याच्या चुकांनाही शैली म्हणतात.

मग आमच्या स्वतःच्या चर्चचं काम आलं. जुनी इमारत पडायला आली होती. ताईने पाळकांकडे शब्द टाकला, भावोजींनी मॉडेल केलं आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, माना डोलावल्या. बाहेरच्या दारातून शिरलं की दोन्ही बाजूंना उंच, गोल भिंती. त्यांच्यामधून अरुंद होत जाणारी वाट, एक झकास वळण, आणि मग एकदम समोर वेदी आणि उजेड. ‘‘देव एकदम दिसता कामा नये, हळूहळू उलगडला पाहिजे,’’ असं भावोजी म्हणायचे. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा त्या वळणावरून आत गेले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. मासिकात फोटो आले, परिषदेत भाषण झालं. बाकं सुताराने आत बसूनच केली होती आणि ऑर्गन छप्पर चढायच्या आधीच आत ठेवला होता. त्यामुळे त्या वळणावरून आत काय जाऊ शकत नाही, याचा विचार करायची वेळ कुणावर आलीच नाही.

ती आली बेकरीवाल्याच्या आईच्या वेळी.

म्हातारी अंगाने भरभक्कम होती आणि तिची शवपेटीही तशीच. खांदेकरी दारातून आत गेले, वळणापाशी पोचले आणि अडकले. पुढचे म्हणताहेत वळवा, मागचे म्हणताहेत जागा कुठाय. आम्ही बाहेर उभ्या, आतून नुसतं ‘‘मागे या, मागे या’’ ऐकू येतंय, ट्रक मागे घेतात तसं. बाजूचं दार होतं, पण ते पाळकांच्या खोलीत उघडायचं आणि तिथून पुढे याहून बिकट कोपरा. शेवटी पेटी बाहेर आणली, अंगणात स्टुलांवर ठेवली आणि पाळकांनी तिथेच प्रार्थना केली. पाऊस भुरभुरायला लागला. कुणीतरी छत्री आणली. ताईने ती घेऊन पाळकांच्या डोक्यावर न धरता पेटीवर धरली. बेकरीवाला तिच्याकडे बघत होता. पण ती नजर ताईकडे बघणारी नव्हती, ताईच्या नवऱ्याकडे बघणारी होती. ताईची मान खाली गेली.

घरी आल्यावर ताई म्हणाली, ‘‘अहो, ती आतल्या बाजूची भिंत काढून टाका ना. एवढीशी तर आहे.’’

‘‘अगं, तू मला माझा हात कापायला सांगतेयस.’’

‘‘हात नाही हो. भिंत.’’

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘‘मृत्यू हा बाहेरचाच विषय आहे. चर्च जिवंत माणसांसाठी असतं. उघड्या आकाशाखाली निरोप, यात एक काव्य आहे.’’ आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी अंगणासाठी दगडी ओट्याचं ड्रॉइंग करून पाठवलं. त्यावर छप्परही नव्हतं. छपराने आकाश झाकलं जातं ना!

त्यानंतर मंडळीत जो जो गेला, तो अंगणातूनच गेला. शिंपी गेला, पोस्टमन गेला, एक तान्हं मूल गेलं. तेवढी त्या बाळाची पेटी आत जाऊ शकली, कारण ती बापाने हातावर धरली होती. प्रत्येक वेळी ताई अंगणात उभी राहून गायची. उघड्यावर आवाज विरून जातो, तरी गायची. आणि प्रत्येक वेळी घरी येऊन तेच मागायची. मंडळीने भिंत काढायचा ठराव केला, तेव्हा भावोजींनी पत्र लिहिलं, की आर्किटेक्टच्या लेखी परवानगीशिवाय एका विटेला जरी हात लावलात तर कोर्टात भेटू. पत्र मीच टाइप केलं, म्हणून त्यातला ताठा मला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे. पाळक बिचारे घाबरट. त्यांनी ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि तोंडात मूग धरून बसले. चर्चचं बांधकाम केलेला कंत्राटदार आमच्याच मंडळीतला. तो मला म्हणाला, ‘‘एका दुपारचं काम आहे बाई. पण हा माणूस आम्हाला खरंच कोर्टात खेचेल.’’ खेचलं असतंच.

मग ताईच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. ताईला कुणी सांगावं लागलं नाही. भावोजींनी स्वतःसाठी बांधलेल्या घरात निजायची खोली वर होती, त्यामुळे तिचा पलंग बैठकीच्या खोलीत मांडला. तिथे मोठी काच होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पलंगावरची बाई दिसायची. मी पडदा लावला. भावोजींनी तो काढला, काचेची रेषा बिघडते म्हणून. मी परत लावला, आणि या वेळी खुर्ची ओढून तिथेच बसले. म्हटलं, आता काढून दाखवा.

एकदा संध्याकाळी ते ऑफिसातून आले, तेव्हा ताईने त्यांना जवळ बसवलं. ‘‘अहो, आता माझ्यासाठी म्हणून मागते. मला अंगणात ठेवू नका.’’

भावोजी पांघरुणाची कड सरळ करायला लागले.

‘‘जिथे जन्मभर गायले तिथे आत न्या मला. आणि माझ्यासाठी भिंत निघाली तर पुढच्या सगळ्यांची सोय होईल. मला लोकांच्या तोंडाकडे बघवत नाही हो.’’

‘‘तू अशी अभद्र भाषा करू नकोस,’’ भावोजी म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, ‘‘शिवाय समिती यायचीय. ती येऊन गेली की बघू आपण.’’

समिती म्हणजे आर्किटेक्ट लोकांच्या संघटनेची. जीवनगौरव द्यायचा तर त्यांची कामं प्रत्यक्ष बघायला ती येणार होती, आणि सगळ्यात आधी बघणार होती ते हे चर्च, म्हणजे हेच वळण. भावोजींना तो सन्मान इतका हवा होता की त्यांनी नवीन कोट शिवायला टाकला होता. बायकोची साधी चादर बदलायला मला हाक मारावी लागायची, पण कोटाच्या मापाला ते दोनदा जाऊन आले.

ताई हसली. तिचं हसणं शेवटपर्यंत शाबूत होतं. म्हणाली, ‘‘मग समितीला सांगा, जरा लवकर या म्हणावं. नाहीतर मला आपली उभीच न्या.’’

मी तोंड फिरवलं. थट्टा होती ती. घरातल्या मांजरालाही कळलं असतं की थट्टा आहे. भावोजींनी मात्र मान वर केली. नवं ड्रॉइंग सुचलं की चमकायचं तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत चमकलं.

दुसऱ्या दिवशी ते मॉडेल घरी घेऊन आले. चर्चचंच, काच काढलेलं. ताईच्या पलंगावर, तिच्या पायांपाशी ते ठेवलं आणि खिशातून काड्यापेटी काढली. ‘‘बघ हं. आडवी नेली तर अडकते. पण वळणापाशी उभी केली, की अशी फिरते, आणि पुढे परत आडवी.’’ काड्यापेटी त्या दोन भिंतींमधून सुळकन फिरली. ‘‘बसतंय! मी उंचीही काढली. डोक्यावर भरपूर जागा राहते.’’ बायको मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

ताई त्या काड्यापेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘छान.’’

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘छान काय? तोंडावर फेकायची होतीस.’’

‘‘राहू दे गं. त्यांना एवढंच येतं.’’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. गाणंही गुणगुणली नाही. मला त्या माणसाचा एवढा संताप कधी आला नव्हता, आणि अजून तो उतरलेला नाही.

समितीच्या आधी ताई गेली.

अंत्यविधीला अंगण भरलं होतं. बेकरीवालाही आला होता, आणि खांदा द्यायला तो स्वतःहून पुढे झाला. कंत्राटदारही खांदेकऱ्यांत होता. भावोजींनी सगळ्यांना बाहेर उभं करून समजावून सांगितलं, कुठे थांबायचं, कुठे उभी करायची, कुणी खालची बाजू धरायची. त्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. पण नवराच सांगतोय म्हटल्यावर परके काय बोलणार? पेटी उचलली. भावोजी पुढे, उलटे चालत, दोन्ही हातांनी खुणा करत. मी पेटीच्या मागे.

वळण आलं. ‘‘आता उभी करा,’’ भावोजी म्हणाले. ‘‘सावकाश. डावीकडे घ्या जरा. हां, आणखी. येतेय, येतेय.’’ कपाट हलवताना माणूस बोलतो ना, तसं. पेटी हळूहळू उभी झाली. हिशोब अगदी बरोबर होता. दोन्ही बाजूंना जागा होती, डोक्यावर जागा होती.

आणि आत ताई घसरली.

आवाज फार मोठा नव्हता. आधी कापड सरकल्यासारखा, मग खाली काहीतरी बसल्यासारखा. पण त्या गोल भिंतींमध्ये तो असा घुमला की आत बाकांवर बसलेल्यांचं गाणं थांबलं. बेकरीवाल्याने डोळे मिटून घेतले. भावोजींचे दोन्ही हात खुणा करायच्या पवित्र्यात तसेच हवेत राहिले. सगळं मोजलं होतं त्यांनी, फक्त पेटीत कुणीतरी आहे एवढंच धरलं नव्हतं.

‘‘खाली घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘आडवी करा तिला. बाहेर न्या.’’ आणि मग कंत्राटदाराकडे वळून, ‘‘फोडा.’’

कंत्राटदार कपाळ पुसत म्हणाला, ‘‘साहेब, लेखी लागेल. तुमचंच पत्र आहे तसं.’’

असा अपमान त्यांचा कुणी केला नसेल, आणि त्या माणसाला तर अपमान करायचाही नव्हता, तो खरोखरच घाबरला होता. भावोजींनी प्रार्थनेच्या छापील कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घण आणले. पेटी अंगणातल्या त्या दगडी ओट्यावर ठेवली, उन्हात. म्हणजे जे नको म्हणून ती जीव तोडून सांगत होती, ते व्हायचं ते झालंच. भिंत किती वेळ टिकावी? अंगणातल्या म्हाताऱ्यांचे पाय दुखायच्या आत पडली. एका विटेच्या जाडीची होती. वरून गुळगुळीत गिलावा, आत काही दम नाही. धूळ उडून पेटीवर बसली, तेव्हा भावोजी पुढे झाले आणि बाहीने पुसायला लागले. मी अडवलं नाही. पण मदतही केली नाही.

मग ताईला आडवी, सरळ, विटांच्या ढिगाऱ्यावरून आत नेली. सगळ्यांनी गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हटलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी त्या माणसाला कदाचित माफ केलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? पुढच्या महिन्यात समिती आली. भावोजींनी त्या खिंडाराला गिलावा करू दिला नव्हता. फुटक्या विटा तशाच ठेवायला लावल्या होत्या आणि वरून एक दिवा सोडला होता. समितीतल्या लोकांनी त्या विटांवरून हात फिरवला. एका बाईंनी रुमाल काढला. भावोजी खालच्या आवाजात सगळं सांगत होते, म्हणजे त्यातलं जे सांगण्यासारखं होतं ते. सन्मान मिळाला. मासिकात पुन्हा फोटो आला, या वेळी खिंडाराचा.

समारंभाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, नातेवाईक म्हणून. भावोजी नवा कोट घालून बोलायला उभे राहिले. वास्तू, अवकाश, मौन, असे मोठमोठे शब्द झाले. मग ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘कलावंताला आपली कृती स्वतःच्या हाताने मोडावी लागते, असा क्षण माझ्या आयुष्यात आला. कारण ती माझ्या पत्नीची शेवटची इच्छा होती.’’

टाळ्या सुरू झाल्या. मी उठून उभी राहिले. मला उठायचं नव्हतं. पण पायच उठले.

‘‘शेवटची नव्हती, भावोजी,’’ मी म्हटलं. टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. ‘‘तिने पहिल्यांदा मागितलं, तेव्हा ती दुसऱ्यांसाठी मागत होती. आणि स्वतःच्या पायांनी चालत होती.’’

भावोजींनी चष्मा परत घातला. मग त्यांनी समोरचा कागद उलटून पाहिला, पुढचं वाक्य कुठे आहे ते शोधायला.